शहराला ग्रामसभा नाही. मग पणजीचे रूप ठरवायचे कोणी?

मळेकर:

आमच्या घरासमोरच्या रस्त्यावर गेल्या पंचवीस वर्षांत हॉटमिक्स डांबराचे इतके थर चढले की पूर्वी घरात शिरताना तीन पायऱ्या चढाव्या लागत, त्यांतली आता एकच उरली आहे. जुलैमध्ये मुसळधार पाऊस आणि मांडवीची भरती एकाच वेळी आली, की रुआ द ओरें खाडी फुगते, गटाराचे पाणी मागे फिरते आणि उंबरठ्यापर्यंत येते. घर बदललेले नाही, जोते खचलेले नाही. वर आला आहे तो रस्ता. आणि रस्ता किती उंच असावा, हे कोणी विचारपूर्वक ठरवलेले नाही. प्रत्येक वेळी काम करणाऱ्यांनी जुना थर न खरवडता त्यावर नवा थर दिला, एवढेच घडले आहे.

हा धागा मी गाऱ्हाणे मांडण्यासाठी उघडलेला नाही. शहराचे रूप म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर फोंताईन्हास या पणजीतल्या जुन्या, पोर्तुगीज धाटणीच्या वस्तीच्या रंगीत भिंती आणि चर्चच्या पांढऱ्या पायऱ्या येतात. परंतु मळा या पणजीतल्या आमच्या वस्तीत वाढलेल्या माणसाला विचारले तर तो सांगेल की रूप म्हणजे पायरीची उंची, वळचणीची रुंदी, बाल्कांवातल्या, म्हणजे दारापुढच्या ओसरीतल्या, बाकावर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला रस्त्यावरून जाणारा चेहरा ओळखता येण्याइतके अंतर, आणि मारुतीच्या जत्रेत फेरीची दुकाने मांडूनही माणसांना चालायला उरणारी वाट. या गोष्टी कोणत्याही आराखड्यात लिहिलेल्या नसतात, आणि लिहिलेल्या नसल्यामुळे त्या एकेक करून नाहीशा होतात.

गोव्यात आराखड्यांविषयी लोक उदासीन आहेत असे कोणी म्हणू शकणार नाही. २०११ सालापर्यंतचा प्रादेशिक आराखडा २००६ मध्ये अधिसूचित झाला आणि जनआंदोलनामुळे २००७ च्या आरंभी मागे घ्यावा लागला. त्यानंतर २०२१ सालापर्यंतच्या आराखड्यासाठी जो कृतिगट नेमला गेला, त्यात वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया आणि नगररचनाकार एडगर रिबेरो यांच्यासारखे जाणकार होते, आणि मसुदा गावोगावी पाठवून ग्रामसभांची मते मागवली गेली. आमच्या नात्यातली तिसवाडी आणि बार्देशातली माणसे त्या दिवसांत नकाशे जमिनीवर पसरून आपले शेत कुठल्या रंगात दाखवले आहे, हे शोधत बसलेली मी पाहिली आहेत. पुढे तो आराखडा २०११ मध्ये अधिसूचित झाला आणि २०१२ मध्ये स्थगित ठेवला गेला, अंतिम नकाशे आपल्या सूचनांशी जुळत नाहीत अशा तक्रारीही अनेक गावांनी केल्या. तरीही गावकऱ्याने आपल्या गावाचा नकाशा हातात धरला, हे तेव्हा घडले.

शहरवासीयांच्या वाट्याला मात्र तेवढेही आले नाही, कारण पणजी हे पीडीएचे (नियोजन व विकास प्राधिकरणाचे) क्षेत्र असल्याने इथे ओडीपी (त्या प्राधिकरणाचा शहर विकास आराखडा) चालतो, आणि ओडीपीवर मत द्यायचे म्हणजे मसुदा प्रसिद्ध झाल्यावर ठरावीक मुदतीत हरकत नोंदवायची. ग्रामसभा नाही आणि प्रभाग समितीही नाही. राज्यघटनेच्या ७४व्या दुरुस्तीने प्रभाग समित्या बंधनकारक केल्या त्या तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांना. २०११ च्या जनगणनेत पणजी महापालिकेची लोकसंख्या सुमारे ४० हजार होती. म्हणजे ३० प्रभागांत सरासरी तेराशे माणसे, अनेक पंचायतींहून लहान वस्ती. आणि तरीही एकत्र बसून बोलण्याची कायदेशीर जागा तिला नाही.

माझा प्रस्ताव असा आहे की प्रत्येक वाड्याने, म्हणजे वस्तीने, पीडीएच्या मसुद्याची वाट न पाहता, आपल्या गल्लीचे वर्णन मोजमापांसह आधीच लिहून ठेवावे. हरकत घेणारा माणूस नेहमी दुसऱ्याने काढलेल्या रेषेवर बोलतो. आपण रेष आधी काढली, तर बोलणे आपल्या रेषेपासून सुरू होईल. यावर जाणकारांनी मते द्यावीत ही विनंती.

चिरेबंदी:

मळेकर, मी फोंड्यात वास्तुरचनाकार म्हणून काम करतो. तुमच्या प्रस्तावाला माझा पाठिंबा आहे, मात्र एका धोक्याची सूचना आधीच देतो.

नियम काय पाहतात, हे समजून घेतले पाहिजे. जमीन विकास आणि इमारत बांधकामाविषयीचे २०१० चे गोव्याचे नियम चटईक्षेत्र, उंची, व्याप्ती, सोडायची मोकळी जागा आणि पार्किंग यांचा हिशेब ठेवतात. हा हिशेब काटेकोरपणे पाळूनही अशी इमारत उभी राहू शकते जिच्या तळमजल्यावर रस्त्याकडे फक्त मोटारींची तोंडे आहेत, आणि त्या इमारतीसमोरून संध्याकाळी चालताना माणसाला एकही खिडकी, एकही ओटा, एकही ओळखीचा आवाज भेटत नाही. नियमभंग कुठेच झालेला नसतो.

धोका असा की ‘रूप’ हा शब्द उच्चारला की लोक सजावटीकडे धावतात. सहा मजली इमारतीला खोटे बाल्कांव चिकटवायचे, गच्चीच्या कडेला मंगळुरी कौलांची एक ओळ लावायची, प्रवेशद्वारावर निळ्या नक्षीची फरशी बसवायची आणि त्याला गोमंतकीय शैली म्हणायचे. खऱ्या बाल्कांवाला अर्थ येतो तो ते रस्त्याच्या पातळीपासून दोन-चार पायऱ्यांवर असल्यामुळे. चौथ्या मजल्यावरचे बाल्कांव हे नुसते चित्र आहे.

याच्या उलट उदाहरण पणजीतच आहे. कांपालची कला अकादमी पाहा. कोरियांनी तिथे ना कमान वापरली ना कौल. इमारत बसकी ठेवली, झाडांच्या वर जाऊ दिली नाही, आणि रस्त्यापासून नदीपर्यंत एक मोकळी, सावलीची वाट तिच्या पोटातून नेली. तिकीट न काढता माणूस आत शिरतो आणि मांडवीपाशी पोहोचतो. १९८३ पासून ती वास्तू वापरात आली, आणि पणजीकर तिला आपली मानतो ते या वाटेमुळे. तुमच्या वर्णनपत्रात ‘पोर्तुगीज शैली हवी’ असे वाक्य कृपया येऊ देऊ नका. ‘तळमजल्याची इतकी लांबी रस्त्याकडे उघडी हवी’ असे वाक्य येऊ द्या.

प्राजक्त:

चिरेबंदी यांनी शैलीचा प्रश्न काढला, त्याला जोडून थोडे लिहिते. मी डिचोलीची, शाळेतून निवृत्त होऊन काही वर्षे झाली. गोव्याच्या रूपाची चर्चा प्रत्येक वेळी फोंताईन्हासपासून सुरू होते आणि तिथेच संपते, याचे मला मनापासून वाईट वाटते. आमच्याकडच्या घराचा जीव पुढच्या भिंतीत नसून आतल्या राजांगणात (मधल्या उघड्या चौकात) असतो. रस्त्यावरून पाहिले तर साधी मातकट भिंत, लहान दरवाजा, पुढे शेणाने सारवलेले खळे आणि तुळशीवृंदावन. देवळाभोवतीची वस्तीही अशीच: तळी, दीपस्तंभ, अग्रशाळा (भाविकांच्या उतरण्याच्या खोल्या) आणि पालखी वळेल इतकी रुंद वाट. ही वाट कोणत्याही रस्ता-रुंदीकरणाच्या तक्त्यात बसत नाही, परंतु पालखी वळली पाहिजे हे माप गावाने शेकडो वर्षे सांभाळले आहे.

तेव्हा प्रत्येक वाड्याने आपापले वर्णन लिहावे ही कल्पना मला योग्य वाटते, कारण एकच ‘गोव्याचे रूप’ सगळीकडे लादले गेले तर डिचोलीला फोंताईन्हासचा पिवळा रंग फासला जाईल. फोंताईन्हासमध्येही काय झाले आहे ते पाहा. तिथले रंग इतके प्रसिद्ध झाले की दारात उभे राहून छायाचित्रे काढणाऱ्यांना दूर ठेवण्यासाठी रहिवाशांना फलक लावावे लागले. ज्याच्या घराचे रूप आहे त्यालाच खिडकी उघडता येत नसेल, तर ते रूप कोणासाठी जपायचे, हेही तुमच्या पत्रात यायला हवे.

वारसदार:

सर्वांनी सुंदर लिहिले आहे. आता घराच्या मालकाची बाजू ऐका.

आमचे जुने घर सासष्टीत आहे. गोव्याच्या वारसा कायद्यानुसार आई-वडिलांना आपल्या संपत्तीचा अर्धाच भाग इच्छेप्रमाणे देता येतो. उरलेल्या अर्ध्यावर मुला-मुलींचा समान हक्क असतो. हा कायदा न्याय्य आहे आणि मी त्याच्या बाजूचा आहे. मात्र तीन पिढ्यांनंतर एका घराचे वीस-बावीस मालक होतात, त्यांतले निम्मे लिस्बन, लंडन, मुंबई असे विखुरलेले असतात, आणि कौले बदलण्याच्या अर्जावरही सगळ्यांच्या सह्या जमत नाहीत. इन्व्हेंटरीचा, म्हणजे वारसांमधल्या वाटणीचा, दावा वर्षानुवर्षे चालतो. तोपर्यंत वाशांना वाळवी लागते. एका पावसाळ्यात एक कोपरा बसला की पुढच्या पावसात भिंत बसते, कारण चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीला डोक्यावर छप्पर नसेल तर आपल्याकडचा वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस ती सोसू शकत नाही.

दुसरी बाजू भाडेकरूंची. १९६८ च्या भाडेनियंत्रण कायद्याखालची कित्येक जुनी भाडी आजही इतकी अल्प आहेत की त्या पैशांत एका खोलीला चुना लावून होत नाही. मालक दुरुस्ती करत नाही, भाडेकरूला हक्काने करता येत नाही. अशा वेळी बांधकाम व्यावसायिक सर्व वारसांना एकरकमी पैसे देऊ करतो, आणि वीस सह्या एका महिन्यात जमतात.

तुमच्या वर्णनपत्राने माझ्या डोक्यावर आणखी अटी ठेवल्या आणि दुरुस्तीला हात दिला नाही, तर वीस मालकांपैकी मीही सही करीन. हे मी रागाने लिहीत नाही. आमच्या घराची ओसरी अजून उभी आहे आणि ती पडू नये असे मला फार वाटते.

मळेकर:

वारसदार, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. माझ्या मूळ लेखात ही बाजू नव्हती, ही उणीव मान्य करतो. वर्णनपत्राचे दोन भाग करावेत असे आता वाटते. पहिला भाग सार्वजनिक जागेचा: रस्त्याची पातळी, गटार, पदपथ, झाडे, दिवे, फलक, तारा. यात कोणाच्याही मालकीला हात लागत नाही, आणि शहराच्या रूपाचे निम्म्याहून अधिक नुकसान याच जागेत झाले आहे असे माझे मत आहे. दुसरा भाग घरांचा, आणि त्यातली प्रत्येक अट एखाद्या सवलतीशी बांधलेली. उदाहरणार्थ, जो मालक कौलारू छप्पर ठेवील त्याला घरपट्टीत सूट मागायची, आणि पडझड थांबवण्यापुरत्या दुरुस्तीला सर्व वारसांच्या सह्यांऐवजी घरात राहणाऱ्या वारसाची सही पुरावी, अशी विनंती सरकारकडे करायची. कायद्यात हे कसे बसेल हे वकील सांगतील. मागणी तरी नीट शब्दांत असावी.

पुणेस्थित पणजीकर:

पुण्यातला अनुभव सांगतो, तुलना म्हणून. पुणे महापालिकेने २००६ मध्ये नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक ही पद्धत सुरू केली. नागरिक आपल्या प्रभागातल्या लहान कामांचे अर्ज क्षेत्रीय कार्यालयात देतात आणि निवडलेल्या कामांना पुढच्या अंदाजपत्रकात तरतूद होते. मी स्वतः अर्ज भरले आहेत. बाक मिळाला, दिवा मिळाला. परंतु बाक कुठे असावा म्हणजे त्यावर दुपारी सावली पडेल, हे विचारण्याची सोय अर्जात नव्हती, आणि आमचा बाक दुपारी तापलेला असतो. कामांची यादी मागवणे आणि जागेची रचना मिळून करणे यांतला फरक मला त्या बाकाने शिकवला.

दुसरे, मोठ्या शहरांतल्या यंत्रणा पाहून त्यांची नक्कल करण्याचा मोह टाळावा. दिल्लीत शहराच्या सौंदर्यासाठी १९७३ च्या कायद्याने स्वतंत्र आयोग आहे, मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आहे. दोन्हींचे काम महत्त्वाचे आहे. पण तिथे तज्ज्ञ आलेल्या प्रस्तावाची छाननी करतात. मळेकर म्हणतात ते प्रस्तावाच्या आधीचे काम आहे, आणि ते तेराशे माणसांच्या प्रभागातच जमेल.

म्हापसेकर:

तेराशे माणसे म्हणजे नेमकी कोण, हे आधी ठरवा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पेडणे, डिचोली, सत्तरीहून बायका पहाटे येतात, फुटपाथवर गोणपाट टाकून भाजी, सुकी मासळी, चुडतांच्या केरसुण्या विकतात आणि संध्याकाळी परत जातात. म्हापशाचे रूप म्हणून जे काही आहे, ते त्यांच्या गोणपाटावर बसलेले आहे. त्यांतल्या एकीचेही नाव म्हापशाच्या मतदारयादीत नाही. पणजीतही भाड्याच्या खोलीत राहणारे बांधकाम मजूर, गाडेवाले, मार्केटातल्या मासेविक्रेत्या आहेत. मालकांची बैठक भरवून तिला समाजाचा आराखडा म्हणाल, तर पहिला ठराव गाडे हटवण्याचा होईल. सुशोभीकरणाच्या नावाखाली हे घडताना मी पाहिले आहे.

प्राजक्त:

म्हापसेकर यांचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. ग्रामसभेतही हेच होत असे. बायका येत, मागे उभ्या राहत आणि बोलत नसत. एक उपाय शाळेतल्या अनुभवावरून सुचवते. सभेच्या आधी मुलांना पाठवून त्या रस्त्यावर दिवसभरात कोण कुठे बसते, कुठे थांबते, कुठे पाणी पिते, याचा नकाशा काढून घ्यावा. सकाळी सात, दुपारी एक आणि संध्याकाळी सहा, असे तीन नकाशे. जो माणूस सभेला येऊ शकत नाही तो निदान नकाशावर येतो, आणि त्याची जागा पुसायची असेल तर ती सर्वांच्या देखत पुसावी लागते.

चिरेबंदी:

प्राजक्तताई, तीन वेळांचा नकाशा ही कल्पना मी उचलतो. त्यावर सावल्याही दाखवाव्यात. बाराही महिने उघडी पडलेली जागा आणि वळचणीखालची जागा यांत पणजीच्या मे महिन्यात जो फरक जाणवतो, तो रंगापेक्षा कितीतरी मोठा आहे.

रंगाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. पोर्तुगीज काळात दर पावसाळ्यानंतर घरे रंगवावी लागत आणि पांढरा रंग चर्चसाठी राखलेला असे, असे वडीलधारी मंडळी सांगत आली आहेत. यातला कामाचा भाग असा की तो रंग चुन्याचा होता. चुना श्वास घेतो. चिऱ्यात मुरलेले पाणी त्यातून बाहेर पडते. त्यावर प्लास्टिक रंग, तैलरंग किंवा सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते आणि चिरा आतून भुसभुशीत होतो. म्हणून तुमच्या पत्रात छटा लिहू नका, ‘चिऱ्याच्या भिंतीला चुनाच’ असे लिहा आणि चुन्याचे काम येणाऱ्या गवंड्यांची यादी जोडा. वारसदारांना त्या यादीचा अटीपेक्षा अधिक उपयोग होईल.

खाजन:

मी स्थापत्य अभियंता आहे, राहतो ताळगावात. चर्चा इतकी पुढे गेली आहे, पण धागा ज्या पायरीपासून सुरू झाला तिच्याकडे परत यावेसे वाटते, कारण तो प्रश्न इतर सर्व प्रश्नांच्या खाली आहे.

पणजीचा सखल भाग दलदलीत भर घालून उभा राहिला आहे. एकोणिसाव्या शतकात, दों मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रु राज्यपाल असताना, भराव आणि सपाटीकरणाचे मोठे काम झाले आणि १८४३ मध्ये हे शहर अधिकृत राजधानी बनले. सांतिनेज आणि ओरें या दोन खाड्या शहराचे पाणी नदीत सोडतात, आणि भरती असताना सोडू शकत नाहीत. आपल्या खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीत) बांध आणि मानस (बांधातले पाण्याचे दार) यांनी जी शिस्त पाळली जाते (भरतीला दार बंद, ओहोटीला उघडे), तीच शहराला लागू आहे. फरक इतकाच की खाजनात बांधाची उंची कोणीही मनमानी वाढवत नाही, कारण शेजाऱ्याचे शेत बुडते हे सर्वांना ठाऊक असते. शहरात एकाने जोते उंच केले, दुसऱ्याने आवार भरून घेतले, रस्ता वर आला, आणि पाणी ज्याचे घर जुने त्याच्याकडे गेले. जुनी घरे पाडली जाण्याचे हे एक मोठे कारण आहे, आणि ते वारसा जपण्याच्या चर्चेत क्वचितच येते.

म्हणून पहिले काम पातळीच्या नोंदीचे. याला महागडे यंत्र लागत नाही. गवंडी वापरतात ती पारदर्शक पाण्याची नळी घ्या, पंधरा-वीस मीटर लांबीची. पाणी भरताना आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, नाहीतर माप चुकते. गल्लीतली एक न हलणारी खूण निवडा, देवळाच्या किंवा चॅपेलच्या दगडी उंबरठ्यासारखी. नळीचे एक टोक त्या खुणेशी धरा, दुसरे पहिल्या घराच्या भिंतीशी. दोन्हीकडचे पाणी स्थिर झाले की भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारा. तिथून उंबरठ्यापर्यंत किती (खाली की वर तेही), रस्त्याच्या पृष्ठभागापर्यंत किती, गटाराच्या तळापर्यंत किती, ही तीन मापे सेंटिमीटरमध्ये लिहा. मग तीच रेघ पुढच्या घरावर न्या. दोन माणसे एका सकाळी वीस घरे करू शकतात. परत येताना शेवटच्या घराची रेघ पुन्हा पहिल्या खुणेशी जुळवून पाहा. एका सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर कुठेतरी बुडबुडा होता, ते मोजमाप पुन्हा करा.

तारीख घाला, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या, आणि एक प्रत महापालिकेच्या आवक विभागात देऊन शिक्का घ्या. पुढच्या वेळी डांबर टाकायला कोणी आले की काम सुरू होण्याआधी तो कागद त्यांच्या हातात ठेवता येईल आणि जुना थर खरवडून मगच नवा टाका, असे आकड्यांच्या आधारे सांगता येईल.

मळेकर, तुमच्याकडे नळी नसेल तर माझ्याकडे आहे. पावसाआधी करायला हवे, कारण गटार भरले की तळाचे माप घेता येत नाही.

मळेकर:

खाजन, नळी घेऊन या. मारुती मंदिराच्या पायथ्याची पहिली दगडी पायरी खूण म्हणून धरू. माझ्याकडच्या तीन पायऱ्यांपैकी डांबराखाली गेलेल्या दोन पायऱ्यांची उंची आईने सांगितली आहे, तीही वेगळ्या रकान्यात, ‘आठवणीवरून’ असे नमूद करून लिहू.